मनातली शंका न्यायाच्या पाच पायऱ्यांवर तपासा

‘साहेबांच्या मनातून मी उतरलोय’ अशी शंका कुरतडत असेल, तर न्यायसूत्रांतलं, म्हणजे न्याय या भारतीय तर्कपरंपरेच्या मूळ ग्रंथातलं, पंचावयवी (पाच भागांचं) वाक्य वापरा. लोकलमध्ये बसायला मिळालं तर उत्तम (दादरनंतर नाद सोडा), उभ्याने मोबाइलवर टिपलं तरी चालतं.

पहिली ओळ प्रतिज्ञा, म्हणजे जे सिद्ध करायचं ते: साहेब नाराज आहेत. दुसरी हेतू: कारण दोन दिवस मेसेजला उत्तर नाही. हेतूत पाहिलेलं-ऐकलेलंच लिहा. ‘मला तसं वाटतं’ हा हेतू नव्हे. बहुतेकांची गाडी इथेच घसरते.

तिसरी ओळ उदाहरण, आणि मेख इथेच आहे. नुसता दाखला पुरत नाही, व्याप्ती, म्हणजे दरवेळी टिकणारा संबंध, लागते. जिथे धूर तिथे अग्नी. तसं जिथे उत्तर नाही तिथे नाराजी, हे दरवेळी खरं आहे? साहेब खुशीत असूनही उत्तर आलं नाही, असा एक प्रसंग आठवा. सापडला की हेतू सव्यभिचार, म्हणजे दोन्हीकडे लागू पडणारा. मग उपनय (तो नियम आपल्या प्रसंगाला लावणं) आणि निगमन (निष्कर्ष) या शेवटच्या दोन पायऱ्यांपर्यंत जायचंच नाही.

हेतू पडला म्हणजे साहेब खूश आहेत, असंही सिद्ध होत नाही. नाराज आहेत की खूश, हे केबिनमध्ये जाऊन त्यांनाच विचारा, जेवणाच्या सुट्टीनंतर.