वासरे-करडांसाठी घरच्या घरी झूल

गोठ्यातले तापमान १५ अंश सेल्सिअसखाली गेले की पहिल्या दोन-तीन आठवड्यांच्या वासराची ऊर्जा अंग गरम ठेवण्यातच खर्च होऊ लागते. दूध तेवढेच राहिले तर वाढ मागे पडते, मग हगवण आणि न्यूमोनिया गाठतात. अशा वेळी झूल उपयोगी पडते. पण झूल स्वतः ऊब देत नाही, केसांत आणि कापडात अडकलेली कोरडी हवा अंगाची ऊब टिकवते. म्हणूनच ओली झूल घालण्यापेक्षा झूल नसलेली बरी.

बाहेरून गोणपाट आणि आतून जुनी लोकरी शाल किंवा ब्लँकेट, ही जोडी सर्वांत चांगली. नुसते गोणपाट ओल शोषते. प्लॅस्टिकच्या पोत्यातून हवा खेळत नाही, त्याखाली घाम साचून केस भिजतात. गोणपाट धान्याचेच घ्या. खताचे किंवा बीजप्रक्रिया केलेल्या (विषारी औषध चोळलेल्या) बियाण्याचे पोते धुऊनही वापरू नका, कारण वासरे झूल चाटतात, चघळतात.

मानेच्या बुडापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी मोजा. रुंदी एका कोपरापासून पाठीवरून दुसऱ्या कोपरापर्यंत घ्या. पोट उघडेच राहू द्या. एक शिवण आणि तळ उसवला की धान्याच्या एका मोठ्या पोत्यात सहसा एक झूल बसते. कडा दुमडून शिवा, सुटे धागे ठेवू नका. अस्तर चारही बाजूंनी २ सेंमी आत घ्या, म्हणजे ते बाहेर डोकावून भिजणार नाही.

पट्टे दोन: एक छातीपुढून, दुसरा पुढच्या पायांच्या लगेच मागून पोटाखाली. पोटाचा पट्टा मागे सरकला तर ताज्या नाळेवर घासतो आणि गोऱ्ह्याच्या मूत्रमार्गाखाली येऊन लघवीने भिजतो. झूल एका कुशीवर घसरत असेल तर मागच्या मांड्यांभोवती दोन सैल फासे द्या. सुतळी कातडीत रुतते, त्यासाठी ४ सेंमी रुंद कापडी पट्टी बरी. पट्ट्याखाली दोन बोटे सहज जायला हवीत. वासरू झपाट्याने वाढते, तेव्हा ही तपासणी दर दोन-तीन दिवसांनी करा.

करडा-कोकरांना जुन्या स्वेटरची बाही पुरते. मनगटाची बाजू मानेकडे ठेवा, पुढच्या पायांसाठी दोन भोके पाडा. नराच्या पोटाखालचा भाग कापून टाका.

जन्मताच झूल चढवण्याची घाई नको. आधी आईला चाटू द्या. विशेषतः शेळी-मेंढी पिलाला वासावरून ओळखते, चाटण्याआधी झाकलेले पिलू ती नाकारू शकते. पिलू कोरडे झाले, दोन तासांच्या आत चीक पोटात गेला, की झूल घाला. थर्मामीटरवर शरीराचे तापमान ३७ अंशांखाली दिसले तर मात्र झूल पुरणार नाही. बाहेरून उष्णता द्या आणि पशुवैद्यकाला बोलवा. गिळता न येणाऱ्या पिलाच्या तोंडात दूध ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते.

दुपारी ऊन चढले की झूल काढून उन्हात टाका आणि अंगावर उवा, गोचीड, ओले चट्टे आहेत का पाहा. संध्याकाळी कोरडीच घाला. त्यासाठी प्रत्येकी दोन झुली हव्यात. एकाची झूल दुसऱ्याला देताना गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा, नाहीतर गजकर्ण आणि खरूज पसरते.