न गाजलेली मालिका सुचवावी कशी

ज्या मालिकेचे नाव समोरच्याने कधी ऐकलेले नाही, ती त्याला पाहायला लावणे हे वाटते त्यापेक्षा कठीण काम आहे. गणपतीला मुंबईहून आलेला भाचा एका दमात सहा नावे सांगतो, घरातली मंडळी मान डोलावतात, आणि विसर्जन आटोपून तो परतीच्या गाडीत बसेपर्यंत त्यातले एकही नाव कोणाच्या लक्षात राहिलेले नसते. यात ऐकणाऱ्यांचा दोष नाही. गाजलेल्या मालिकेची शिफारस शेजारीपाजारी, वर्तमानपत्रे आणि जाहिराती मिळून करत असतात. दुर्लक्षित मालिकेची शिफारस आपल्याला एकट्यालाच करायची असते, त्यामुळे ‘फार चांगली आहे, बघाच’ एवढ्यावर भागत नाही. एक माणूस डोळ्यांसमोर ठेवून त्याला एका मालिकेचा एक ठरावीक भाग सुचवायचा, एवढीच मी इथे मांडत असलेली पद्धत आहे.

मालिका मागे का पडली, हे आधी पाहावे

सुचवण्यापूर्वी ती मालिका दुर्लक्षित का राहिली याचे कारण स्वतःपुरते स्पष्ट करून घ्यावे, कारण पुढे काय बोलायचे ते त्यावरच ठरते. झी मराठीवरची ‘रात्रीस खेळ चाले’ ही गूढ मालिका २०१६ मध्ये सुरू झाली आणि ती जिथे चित्रित झाली तो सावंतवाडीजवळच्या आकेरीचा वाडा पाहायला लोक गाड्या करून येऊ लागले; तिची शिफारस करण्याची कोणाला गरजच उरली नाही. त्याच झी मराठीवर २०१७ मध्ये आलेल्या ‘गाव गाता गजाली’ची भाषाही मालवणीच होती, पण तिचे नाव आज फारसे निघत नाही. तिच्यात वाड्याचे गूढ नव्हते, होत्या त्या गावातल्या गजाली, म्हणजे गप्पागोष्टी, आणि प्रेक्षकाला सवय असते ती ‘उद्या काय होणार’ याची टांगणी गजालीत नसते. ‘रुद्रम’ची गोष्ट वेगळी. मुक्ता बर्वे यांची ही सूडकथा २०१७ मध्येच आली, काही महिन्यांत आटोपशीरपणे संपली, पाहिलेल्यांनी ती नावाजलीही. परंतु ती झी युवा या तुलनेने कमी पाहिल्या जाणाऱ्या वाहिनीवर होती. श्याम बेनेगल यांची ‘संविधान’ ही दहा भागांची मालिका २०१४ मध्ये राज्यसभा टीव्हीवर दाखवली गेली, आणि संसदेच्या वाहिनीवर मालिका असू शकते हेच मुळात कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. सचिन खेडेकर यांनी तिच्यात साकारलेले डॉ. आंबेडकर मंडणगडच्या लोकांनी तरी पाहायला हवेत. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे त्याच तालुक्यातले आहे.

या तिन्ही उदाहरणांत कारण मालिकेच्या बाहेरचे आहे, म्हणजे वाहिनी, वेळ किंवा लोकांची सवय. अशी मालिका बिनधास्त सुचवावी. कारण मालिकेच्या आतले असेल, तर ते लपवू नये. बेनेगल यांचीच ‘भारत एक खोज’ १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झाली आणि त्रेपन्न भाग चालली; तिचा वेग आजच्या प्रेक्षकाला जड वाटतो आणि बरेचसे नेपथ्य स्टुडिओतले आहे हे दिसते. ती सबंध पाहा असे सांगणे म्हणजे कोणीही ती पाहू नये अशी व्यवस्था करणे होय. त्याऐवजी नसीरुद्दीन शाह यांनी शिवाजी महाराजांची भूमिका केलेले भाग तेवढे पाहायला सांगावेत. पुढचे ज्याचे तो ठरवतो. शिवाय काही मालिका कंटाळवाण्या असतात म्हणूनच दुर्लक्षित राहतात. आपल्याखेरीज कोणी पाहिलेली नाही, हा काही मालिकेचा गुण होत नाही.

माणसाची आवड विचारू नये, त्याचा उद्योग पाहावा

‘तुम्हाला कसल्या मालिका आवडतात?’ या प्रश्नाला बहुतेक लोक ‘विनोदी’ किंवा ‘रहस्यमय’ असे उत्तर देतात आणि त्यातून काहीच हाती लागत नाही. तो माणूस दिवसभर काय करतो, कशात रमतो आणि कशावर तासभर बोलू शकतो, यावरून मालिका अधिक नेमकी सापडते.

रत्नागिरी, राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, कातळशिल्पे शोधत हिंडणारी माणसे आता बऱ्याच गावांत आहेत. कोकणातली ही शिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्यापासून तर त्यांचा उत्साह आणखी वाढला आहे. अशा माणसाला ‘डिटेक्टरिस्ट्स’ सुचवावी. बीबीसीवर २०१४ ते २०१७ या काळात आलेली ही इंग्लिश मालिका मॅकेन्झी क्रूक यांनी लिहिली, दिग्दर्शित केली आणि टोबी जोन्स यांच्या जोडीने तिच्यात कामही केले. दोन मित्र धातुशोधक यंत्र घेऊन शेताशेतातून फिरतात, यंत्र वाजते, ते गुडघ्यांवर बसून माती उकरतात आणि हाताला बहुतेक वेळा पेयाच्या डब्याची कडी लागते. उन्हात सड्यावर केरसुणीने माती झाडत बसलेल्या आणि शेवटी साध्या भेगेपाशी पोहोचलेल्या माणसाला या मालिकेतला विनोद समजावून सांगावा लागत नाही. मोठ्या शहरातल्या कोणा समीक्षकापेक्षा तिचा खरा प्रेक्षक उक्षी किंवा देवाचे गोठणे अशा कातळशिल्पांच्या गावात सापडण्याची शक्यता मला जास्त वाटते.

राज्य नाट्य स्पर्धेसाठी दरवर्षी तालमी करणाऱ्या मंडळींसाठी ‘स्लिंग्ज अँड ॲरोज’ ही कॅनडातली मालिका आहे (२००३ ते २००६, तीन पर्व, प्रत्येकी सहा भाग). प्रत्येक पर्वात शेक्सपिअरचे एक नाटक उभे राहते: पहिल्यात ‘हॅम्लेट’, दुसऱ्यात ‘मॅकबेथ’, तिसऱ्यात ‘किंग लिअर’. पैशांची चणचण, रुसलेला नट, न कळणारा प्रायोजक आणि मेल्यावरही सूचना देत राहणारा जुना दिग्दर्शक हे सगळे ज्याने एकदा तरी विंगेत उभे राहून अनुभवले आहे त्याला परके वाटणार नाही. जुन्या दिग्दर्शकाचे भूतसुद्धा नाही.

फेरीबोटीवर आणि घाटरस्त्यावर ज्यांचे आयुष्य अवलंबून आहे त्यांना आइसलँडची ‘ट्रॅप्ड’ जवळची वाटते. परदेशातून आलेली फेरीबोट बंदराला लागते त्याच वेळी मच्छीमारांना पाण्यात प्रेताचे धड सापडते, आणि हिमवादळाने रस्ता बंद झाल्यामुळे गावातल्या मोजक्या पोलिसांनाच तपास करावा लागतो. दरड कोसळून घाट बंद झाला की गाव कसे स्वतःपुरते उरते, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. मात्र धड दिसते, हे आधीच सांगून ठेवावे. मासळी बाजारात बसणाऱ्या किंवा त्या बाजारात वाढलेल्या बाईसाठी २०२२ ची ‘अवर ब्लूज’ ही कोरियन मालिका योग्य आहे. जेजू बेटावरची मासेविक्री करणारी एकटी बाई, समुद्रात बुडी मारून शिंपले काढणाऱ्या बायका आणि त्यांच्यातली भांडणे तिच्यात आहेत. वीस भाग, आणि बरेचसे तासाभराहून मोठे, ही तिची अडचण आहे.

सांगायचे काय आणि गाळायचे काय

तोंडी सांगितलेले नाव, विशेषतः परभाषेतले, लक्षात राहत नाही. म्हणून देवनागरीत लिहिलेला छोटा संदेश पाठवावा. निवृत्त शिक्षकाला पाठवायचा संदेश साधारण असा असावा:

‘गुरुजी, नमस्कार. आपण सड्यावर कातळशिल्पे पाहायला जाता, म्हणून “डिटेक्टरिस्ट्स” ही इंग्लिश मालिका सुचवतो. जमिनीतल्या जुन्या वस्तू शोधणाऱ्या दोन मित्रांची गोष्ट आहे. एक भाग अर्ध्या तासाचा. पहिल्या भागात फारसे काही घडत नाही, दुसराही पाहावा आणि मग वाटल्यास सोडून द्यावी. संवाद इंग्लिश आहेत, खाली अक्षरे येतात. रविवारी आलो की लावून देतो.’

या संदेशात त्या माणसालाच का सुचवले ते आहे, किती वेळ द्यावा लागेल ते आहे, कुठे कंटाळा येईल ते आहे आणि सोडून देण्याची मोकळीकही आहे. कथानक जवळजवळ नाही, आणि ते नसावेच. ‘शेवटी असा धक्का बसतो ना’ हे वाक्य तर कटाक्षाने टाळावे. त्यानंतर माणूस मालिका पाहत नाही, धक्क्याची वाट पाहतो. ‘जगातली सर्वोत्तम’, ‘आयुष्य बदलून टाकणारी’ असे शब्दही वापरू नयेत, कारण समोरचा माणूस पहिल्या दहा मिनिटांत ती मालिका त्याच मापाने मोजू लागतो. एका वेळी एकच नाव द्यावे. पाच नावांची यादी मिळालेला माणूस कोणतीच मालिका उघडत नाही.

रेंज, वीज आणि हंगाम

सुचवलेली मालिका प्रत्यक्ष कुठे मिळते ते पाठवण्याच्या दिवशी स्वतः तपासावे, कारण परदेशी मालिका एका ॲपवरून निघून दुसरीकडे जातात किंवा नाहीशाच होतात. दूरदर्शनच्या जुन्या मालिका तुलनेने सहज सापडतात. प्रसार भारतीने त्यांतले कितीतरी भाग यूट्यूबवर ठेवले आहेत आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हे स्वतःचे ॲपही सुरू केले आहे. ज्या वाडीत रेंजसाठी माडाखाली जाऊन उभे राहावे लागते तिथे नुसती लिंक पाठवण्यात अर्थ नाही. ॲप परवानगी देत असेल तर गावात जाण्यापूर्वी भाग डाउनलोड करून न्यावेत. पावसात वीज गेली की इन्व्हर्टरवर टीव्हीआधी पंखा आणि दिवा चालतो, म्हणून वीस-तीस मिनिटांचे भाग असलेली मालिका पावसाळ्यात तग धरते. वयस्कर माणसांसाठी खालची अक्षरे सेटिंगमध्ये जाऊन मोठी करून द्यावीत. त्यांनी मालिका अर्ध्यावर सोडण्यामागे कितीदा तेवढेच कारण असते.

हंगामही पाहावा. आंबा बागायतदाराला एप्रिल-मेमध्ये काहीही सुचवू नये. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात खलाशी घरी असतात आणि जाळी विणताना त्यांना काहीतरी लावून ठेवायला हवे असते, पण तेव्हाच शेतकऱ्याची लावणी चाललेली असते. त्याच्यासाठी लावणी आटोपल्यावरचा श्रावण बरा. चतुर्थीच्या दिवसांत आरत्या आणि भजने असतात, तेव्हा नाव सांगावे, मालिका लावू नये.

त्यानंतर

‘पाहिलीत का?’ असे दर दोन दिवसांनी विचारणे हा शिफारशीचा सर्वात मोठा शत्रू आहे. महिनाभर गप्प राहावे. मालिका आवडली असेल तर ‘मगे फुडे काय झाला?’ हा प्रश्न समोरूनच येतो. नसेल आवडली, तर ‘का नाही आवडली’ असे न विचारता ‘कुठे बंद केलीत’ एवढेच विचारावे, कारण त्या उत्तरावर पुढची शिफारस ठरते. अक्षरे वाचून डोळे दमले असतील, तर मराठी-हिंदीकडे वळावे. भाग संपेपर्यंत धीर धरवला नसेल, तर जसपाल भट्टींचा १९८९ चा ‘फ्लॉप शो’ सुचवावा: अवघे दहा भाग, प्रत्येकाची गोष्ट वेगळी, त्यामुळे कुठूनही सुरुवात करता येते. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाची इतकी वर्षे वाट पाहणाऱ्यांनी त्यातला कंत्राटदाराचा भाग आधी लावावा.