जपानच्या शाळेत शिकवायला जाताय?

परदेशी तरुणांना शाळांत नेमणाऱ्या, 1987 पासून चालणाऱ्या जपान सरकारच्या जेट योजनेतून किंवा खासगी कंपनीमार्फत, जपानी सरकारी शाळेत साहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून जाणाऱ्याला पहिला धक्का दारातच बसतो. बाहेरचे बूट तिथे काढून आतले वेगळे घालायचे. हा जोड सोबतच न्या, कारण मोठी मापं तिथल्या दुकानांत सहज मिळत नाहीत. बाहेर कधीच न वापरलेले, झटकन चढणारे बूट निवडा. स्वच्छतागृहातल्या चपला तिथेच सोडायच्या. त्या घालून वर्गात आलात तर मुलं दिवसभर हसतील.

वह्या तपासताना जपून. तिथे बरोबर उत्तराला गोल करतात आणि टिक म्हणजे चूक. सवयीने टिका मारत गेलात, तर सगळं बरोबर लिहिलेल्या मुलाचाही चेहरा उतरतो. फार छान कामाला गोलाभोवती पाकळ्या काढतात, त्या फुलाला हानामारू म्हणतात. दुरुस्ती लाल शाईने चालते, पण मुलाचं नाव त्या शाईने लिहू नका. ते अशुभ मानतात.

सर्वांत जास्त गोंधळ वर्गातल्या शांततेमुळे होतो. प्रश्न विचारला की चिडीचूप. बहुतेकदा उत्तर येत असतं, पण सगळ्यांसमोर एकट्याने चुकायची तयारी नसते. आवाज चढवून तोच प्रश्न पुन्हा विचारला तर मुलं आणखीच मिटतात. आधी मिनिटभर जोडीत बोलू द्या, मग एका मुलाऐवजी एका जोडीला विचारा आणि मनातल्या मनात दहा अंक मोजेपर्यंत थांबा. ‘कळलं का?’ हा प्रश्न तर टाळाच, माना डोलतात आणि तुम्हाला काहीच समजत नाही. त्याऐवजी कृती करून दाखवायला सांगा. प्राथमिकचा तास 45 मिनिटांचा आणि माध्यमिकचा 50, तेव्हा असे दोनच उपक्रम बसतात.

वर्ग मुख्य जपानी शिक्षकाचा असतो, तुमचा नाही. सूचना कोण देणार, संवाद कोण करून दाखवणार, जपानीत कोण समजावणार, हे एका कागदावर लिहून आदल्या दिवशी ठरवा. त्यांच्या इंग्रजीत चूक झाली तर मुलांसमोर दुरुस्त करू नका. तासानंतर, तेही एकट्यात सांगा.

जेवण प्राथमिक शाळेत वर्गातच होतं. पांढरे एप्रन घालून मुलंच वाढतात आणि सगळ्यांना मिळेपर्यंत कुणी घास घेत नाही. शाकाहारी असाल तर सत्राआधीच उपप्राचार्यांना लेखी कळवून डबा नेण्याची परवानगी घ्या, कारण साध्या सूपमध्येही बहुधा सुक्या माशाचं पाणी असतं. साफसफाईही मुलंच करतात. तेव्हा हातात फडकं घ्या, नुसतं उभं राहणं डोळ्यांत येतं.

जेटचे बरेचसे शिक्षक जुलै-ऑगस्टमध्ये, तिथल्या उन्हाळी सुट्टीत पोहोचतात. वर्ग नसले तरी शिक्षक-खोलीत हजेरी लावायची असते. रिकाम्या दिवसांत स्वतःच्या ओळखीचा तास भरपूर चित्रांसह तयार करा. सप्टेंबरात तोच प्रत्येक वर्गाला घ्यावा लागतो.