जोडीदाराची केमो चालू असताना या चुका टाळा

पत्नीच्या प्रदीर्घ उपचारांमुळे कोल्हापुरातील अनेक कर्करुग्णांच्या घरांशी माझा परिचय झाला आहे, आणि तिथे त्याच त्या चुका पाहून आता स्पष्ट लिहिणे भाग आहे.

सर्वांत घातक चूक म्हणजे ताप आल्यावर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहणे. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या काळात रक्तातील, जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. तेव्हा अनेकदा ताप हेच जंतुसंसर्गाचे एकमेव लक्षण असते, आणि गोळीने तो उतरला तरी संसर्ग आत वाढतच राहतो. शाहूपुरीतील एका परिचितांनी रात्री १०१ ताप असताना पत्नीला गोळी दिली आणि अंग गार लागताच ते निर्धास्त झोपले. पहाटे त्या माउलीला उठून बसवेना, रक्तदाब पार खाली गेला होता. अतिदक्षता विभागातून त्या सुखरूप परतल्या, पण पुढची केमो लांबली. रात्री डॉक्टरांना त्रास कशाला, हा संकोच इथे जिवावर बेततो. १००.४ दिसले की मी गोळी न देता रुग्णालयात फोन करतो आणि निघतो. थर्मामीटर उशाशी आणि ताज्या रिपोर्टांची फाईल दाराजवळच्या पिशवीत असते.

दुसरी चूक नवरे मंडळींची खास आहे. डॉक्टर आजारी पत्नीला विचारतात आणि "काही त्रास नाही" असे उत्तर नवरा देतो. ब्लाउजचे हूक लावताना तिची बोटे बधिर होतात, हे त्याला ठाऊकच नसते. काही केमो औषधांमुळे नसांना इजा होते, आणि वेळीच कळले तर डॉक्टर औषधाची मात्रा बदलू शकतात. म्हणून तपासणीच्या खोलीत आधी ती बोलते. तिचे संपल्यावरच मी वही उघडतो.

पेशी कमी असताना मिसळीवरचा कच्चा कांदा आणि गाड्यावरचा उसाचा रस बंद ठेवावा. सर्दी झालेल्या पाहुण्यांना दारातूनच निरोप द्यावा, त्यात रुसवाफुगवा पाहू नये. कुणी सांगितलेला काढा डॉक्टरांना न विचारता देऊ नये. असे झटपट उपाय सुचवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण काही काढ्यांनी यकृत बिघडते आणि केमो थांबवावी लागते. उपचारांच्या खर्चाला मदत करणाऱ्या सरकारी महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी उपचार सुरू होण्यापूर्वीच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातील योजनेच्या मदतनिसाला, भेटावे.

नवखे लोक पहिल्याच महिन्यात सगळी रजा आणि सगळी ताकद खर्च करतात. उपचार कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे चालतात. आमच्याकडे ठरावीक संध्याकाळी मेहुणी येऊन बसते आणि मी रंकाळा तलावावर फिरून येतो. या वेळेत मी कुणाचेही काम स्वीकारत नाही.