हुमणीचं मागचं टोक बघा, मग औषधाचं बोला

ऊस पिवळा पडला की धावपळ सुरू होते, पण बुडाची माती उकरून कुणी बघत नाही. पानं पिवळी दिसेपर्यंत मातीतल्या हुमणी अळीने मुळं कुरतडून झालेली असतात. पावसाने उघडीप दिली की त्याच दिवशी शेतात पाच-सहा ठिकाणी फूटभर खणा. पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

सापडलेली अळी तळहातावर घ्या. अर्धगोल वळलेली, डोकं तांबूस, मागचं टोक फुगीर आणि काळपट. तो काळेपणा रोगाचा नाही. कातडी पातळ, म्हणून आतड्यातली माती आणि कुजका पाला बाहेरून दिसतो. पचनमार्गाचा पुढचा भाग आखूड, गिळण्यापुरता. मधली नळी लांब, तिथला रस अल्कधर्मी. मागचा भाग पिशवीसारखा फुगलेला. तिथले जिवाणू मुळांचे चिवट तंतू आंबवतात. बायोगॅसची टाकीच म्हणा, मिथेनही तयार होतो.

लहान अळी कुजकी माती आणि केसासारखी मुळं खाते. तिसऱ्या अवस्थेत ती मुख्य मुळांवर येते, आणि हीच अवस्था सगळ्यांत लांब चालते. म्हणून अळी लहान असतानाच गाठायची. कोषात जाण्याआधी ती खाणं थांबवते, आतडं रिकामं करते, मागचं टोकही पिवळसर पडतं. अशा अळीवर पोटातून मारणारं महागडं औषध ओतायला कुणी सांगत असेल, तर त्याला ती अळी दाखवा आणि विचारा, हिच्या पोटात ते जाणार कसं?

अळीला मारणारी मेटारायझियम बुरशी मात्र कातडीतून शिरते. शिफारस हेक्टरी 20 किलो, पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळून, जमिनीत ओल असताना. बुरशीनाशकासोबत देऊ नका. माझा अंदाज असा की पाऊस पडून गेल्यावर संध्याकाळी दिलेली बुरशी जास्त लागू पडते.

बाकी कामं नेहमीचीच:
- उन्हाळी खोल नांगरट, वर आलेल्या अळ्या वेचणे
- पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला बाभूळ, कडुलिंबावरचे भुंगेरे (हुमणीचे मोठे झालेले किडे) झाडून रॉकेलच्या पाण्यात टाकणे
- कच्चं शेणखत न वापरणे

उकिरड्यात सापडणारी प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. जमिनीवर ठेवल्यावर जी पाठीवर सरपटते, ती कुजकं खाणारी. तिच्यासाठी पैसे घालवू नका.