डिजिटल रेंजफाइंडरने कृष्णधवल छायाचित्रे कशी टिपावीत

रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की आपण लेन्समधून नव्हे, तर तिच्या शेजारच्या एका स्वतंत्र खिडकीतून पाहत असतो. त्या खिडकीतले दृश्य नेहमीच रंगीत आणि लख्ख असते, जवळचे-लांबचे सारे स्पष्ट दिसते, आणि लेन्सवर टोपण तसेच राहिले तरी त्यात काडीचाही फरक पडत नाही. त्यामुळे कोणता रंग किती करडा उतरेल, फोकस कुठपासून कुठपर्यंत राहील आणि पांढरा भाग किती जपायचा, हे शटर दाबण्याआधीच ठरवून ठेवावे लागते.

प्रथम आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावे. सर्वसाधारण रंगीत सेन्सरवर प्रत्येक बिंदूपुढे एकेका रंगाची सूक्ष्म गाळणी असते. त्यांतल्या निम्म्या हिरव्या आणि पाव-पाव लाल व निळ्या असतात. अशा कॅमेऱ्यात जेपीईजी कृष्णधवल ठेवून सोबत डीएनजी (सेन्सरची कच्ची माहिती जशीच्या तशी ठेवणारी) फाइलही नोंदवावी, म्हणजे मागच्या पडद्यावर करड्या छटा तपासता येतात आणि रंगांची माहितीही हातची जात नाही. लायका या जर्मन कंपनीने 2012 साली आणलेल्या एम मोनोक्रोमसारख्या कॅमेऱ्यात या गाळण्याच नसतात. तपशील आणि मंद प्रकाशातली कामगिरी या दोन्ही बाबतींत त्याचा लाभ होतो. मात्र रंगांचे प्रमाण नंतर संगणकावर बदलता येत नाही, म्हणून लेन्सवर काचेचा रंगीत फिल्टर लावूनच काम करावे लागते.

फिल्टरची निवड समजून घ्यायला जेजुरीच्या गडावर उधळला जाणारा भंडारा हे उत्तम उदाहरण आहे. डोळ्यांना पिवळी हळद आणि निळे आकाश यांच्यातला विरोध भरभरून दिसतो, पण दोहोंची उजळता जवळपास सारखी असेल तर कृष्णधवल चित्रात भंडारा आकाशात विरून जातो. हळद निळा प्रकाश शोषून घेते आणि पिवळा फिल्टरही नेमका तोच अडवतो. त्यामुळे तो लावल्यावर हळद उजळते, आकाश गडद होते आणि उधळण उठून दिसते. लाल फिल्टरने आकाश आणखी काळवंडेल हे खरे, पण कपाळावरचे कुंकू त्वचेच्याच छटेत जवळजवळ मिसळून जाईल, म्हणून माणसे टिपताना मी पिवळाच पसंत करतो. आकाश ढगाळ पांढरे असेल तर मात्र यांपैकी कोणताही फिल्टर ते गडद करू शकत नाही. पिवळ्याने साधारण एक, नारिंगीने दोन आणि लालने तीन स्टॉप प्रकाश कमी होतो (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो); तरी खिडकी लेन्सपासून वेगळी असल्याने लाल फिल्टर लावूनही दृश्य अंधारत नाही, ही रेंजफाइंडरची मोठीच सोय आहे. रंगीत सेन्सरवर हे फिल्टर वापरू नयेत, कारण लाल काचेमागे जेमतेम पाव बिंदूच नीट कामाला येतात.

एक्स्पोजरच्या बाबतीत पांढऱ्याची काळजी आधी घ्यावी. गडाच्या काळ्या दगडी पायऱ्यांवर पांढरे धोतर नेसलेला भाविक उभा असेल, तर चौकटीचा बहुतांश भाग काळा असल्याने कॅमेऱ्याचा मीटर प्रकाश वाढवतो आणि धोतराच्या चुण्या पार पुसल्या जातात. रंगीत सेन्सरवर अशा वेळी एखादा रंग शाबूत राहिला तर थोडा तपशील परत मिळवता येतो. मोनोक्रोम सेन्सरवर तशी आशाच नसते. म्हणून भर उन्हात दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी एक्स्पोजर द्यावे आणि हिस्टोग्रामचे, म्हणजे चित्रातल्या काळ्या-पांढऱ्या छटांच्या आलेखाचे, उजवे टोक कडेला आपटत नाही ना, हे अधूनमधून पाहावे. सावलीतला तपशील मागाहून बराच उचलता येतो.

निवांत विषयासाठी व्ह्यूफाइंडरच्या मध्यावरील चौकोनात दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसवाव्यात. त्यासाठी खांबाची कड किंवा नाकाची रेघ अशी उभी रेषा धरली की काम लवकर होते. गर्दीत एवढी सवड मिळत नाही. तिथे 35 मिमी लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ-8 वर ठेवून अंतर 3 मीटरवर लावून टाकावे, म्हणजे सुमारे 2 ते 7 मीटरपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते. लेन्सवर कोरलेल्या, फोकस कुठपासून कुठपर्यंत राहील ते दाखवणाऱ्या खोलीच्या खुणा मात्र फिल्मच्या काळातील मापाने आखलेल्या असतात, त्यामुळे मोठे प्रिंट काढायचे असल्यास एका स्टॉपने अधिक काटेकोर खुणा (एफ-8 वर असताना एफ-5.6 च्या) धराव्यात. या लेन्ससोबत खिडकीत चौकटीच्या रेषांबाहेरचेही थोडे दिसते. भंडाऱ्याची मूठ घेऊन पुढे येणारा हात चौकटीत शिरण्याआधीच हेरता येतो, आणि बोट शटरवर तयार ठेवता येते.

रंगीत डीएनजीवर संगणकावर काम करताना पिवळा वाढवून निळा कमी करावा, पण निळा फार खाली ओढल्यास आकाशात दाणे उमटतात आणि उधळलेल्या हळदीच्या कडेला पांढरट किनार दिसू लागते. तिथवर जाण्याआधी थांबावे. गडावरून परतल्यावर लेन्सबरोबर फोकसच्या खिडक्याही आधी ब्लोअरने फुंकून मगच मऊ कापडाने पुसाव्यात. त्यांवर हळदीची पूड किंवा बोटांचे ठसे राहिले की दुसरी प्रतिमा फिकी पडते आणि फोकस जुळवणे अवघड जाते.