'पेपर' मागायचा की कागद?

माझ्या शिकवणीतल्या एका मुलीला परीक्षेत पुरवणी हवी होती. हात वर करून ती म्हणाली, 'प्लीज गिव्ह मी अ पेपर.' पर्यवेक्षक परदेशी होते. त्यांनी तिच्या बाकावर आणखी एक प्रश्नपत्रिका आणून ठेवली. वेळ संपत आलेली, तिला रडूच फुटलं. तेव्हापासून हा शब्द मी घाईत शिकवत नाही.

मराठीत कागद मोजता येतो: एक कागद, चार कागद. इंग्रजीत कागद या अर्थाचा 'पेपर' मात्र पाण्यासारखा किंवा पिठासारखा आहे, त्याला थेट आकडा लागत नाही. पाणी कसं पेलाभर मागतो, तसं इथे 'अ शीट ऑफ पेपर' म्हणायचं. शीट म्हणजे नीट कापलेला अख्खा कागद. ए-फोर असेल तर 210 बाय 297 मिलिमीटरचा. फोन नंबर टिपायला कसलाही तुकडा चालणार असेल तर 'अ पीस ऑफ पेपर', आणि अगदी कपटा असेल तर 'स्क्रॅप'. त्या मुलीने म्हणायला हवं होतं, 'कुड आय हॅव अनदर शीट ऑफ पेपर, प्लीज?'

थेट 'पेपर'च्या आधी 'अ' लागला की कागद संपला. मग तो वर्तमानपत्र, प्रश्नपत्रिका नाहीतर शोधनिबंध. अमेरिकेत विद्यार्थ्याने लिहून द्यायच्या निबंधालाही 'पेपर'च म्हणतात.

खरी गडबड होते क्रियापदांत. आपण पेपर सोडवतो म्हणून 'सॉल्व्ह' लिहून मोकळे होतो. गणित 'सॉल्व्ह' करतात. पेपर 'आन्सर' करायचा, किंवा साधं 'डू' वापरायचं. पेपर तपासणं म्हणजे ब्रिटनमध्ये 'मार्क', अमेरिकेत 'ग्रेड'. परिषदेत निबंध सादर केला असेल तर 'प्रेझेंट' म्हणा. 'रीड'ही चालतं, पण ऐकणाऱ्याला वाटू शकतं की तुम्ही तो घरी बसून वाचलात. आणि पेपर फुटला तर 'ब्रेक' नाही, 'लीक'.

अनेकवचनी 'पेपर्स' म्हणजे बहुधा कागदपत्रं. 'ऑन पेपर' सोपं आहे, आपल्या 'कागदावर'सारखंच: योजना कागदावर छान, प्रत्यक्षात काही नाही.

आता ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणा आणि 'अ' कुठे हवा ते ठरवा: 'द प्रिंटर नीड्स पेपर.' 'शी इज रायटिंग पेपर ऑन मलेरिया.' पहिल्यात नको. दुसऱ्यात हवाच.